‘मी इथे अडलो’ : एल्म कंपायलरचे गद्य

एल्म या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत कोणी दोन शब्द बेरजेच्या चिन्हाने जोडू पाहिले, म्हणजे "राम" + "राव" असे काही लिहिले, की तिचा कंपायलर थांबतो आणि पडद्यावर काही ओळींचा मजकूर उमटवतो. वर निळसर शीर्षक : टाइप (म्हणजे मूल्याचा प्रकार) जुळत नाही. त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला फाइलचे नाव. खाली पहिले वाक्य, त्याचा आशय असा : अशा स्ट्रिंगची बेरीज मला करता येत नाही. मग लिहिणाऱ्याची मूळ ओळ, क्रमांकासह, जशी लिहिली तशी. आणि अडलेल्या शब्दाखाली लाल टोकदार खुणा. त्याखाली नियम : बेरजेचे चिन्ह फक्त पूर्णांकांवर आणि दशांश संख्यांवर चालते. सर्वांत शेवटी सूचना : मजकूर जोडायचा तर ++ हे चिन्ह घ्या.

हा मजकूर मी गद्य म्हणून वाचतो. त्याला लेखक आहे, वाचक आहे, आणि वाचकाची मनःस्थिती लेखकाला पुरती ठाऊक आहे. हा वाचक वेगळेच काही करायला निघाला होता, त्याला मध्येच अडवले गेले आहे, आणि इथे गरजेपेक्षा जास्त थांबण्याची त्याची तयारी नाही. इतक्या उतावीळ माणसासाठी लिहायचे म्हणजे कोणते वाक्य आधी आणि कोणते नंतर याचा हिशेब चोख लागतो. इथे तो आहे. काय बिनसले ते आधी, कुठे बिनसले ते लगेच, का बिनसले ते त्यानंतर, आणि पुढे काय करता येईल ते शेवटी. ज्याला लाल खुणा दिसताच उमगले तो तिथूनच परत फिरतो. ज्याला नाही उमगले तो आणखी दोन ओळी खाली उतरतो. वाचकाने कुठेही वाचणे सोडले तरी तोवरचा मजकूर त्याच्या उपयोगी पडलेला असतो.

मूळ ओळ जशीच्या तशी दाखवणे ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. पुष्कळ कंपायलर चूक सांगताना प्रोग्रॅमरची ओळ आपल्या पद्धतीने पुन्हा जुळवून छापत, त्यामुळे कंस सरकत, मोकळ्या जागा नाहीशा होत, आणि स्वतःचेच लिखाण परक्यासारखे दिसे. एल्मच्या निर्मात्याने, इव्हान चॅप्लिकी यांनी, 2015 च्या जूनमध्ये 0.15.1 ही आवृत्ती काढली तेव्हा मुख्य भर याच गोष्टीवर होता. भाषा तेव्हा नवीन होती; हार्वर्डमधल्या त्यांच्या 2012 च्या पदवी-प्रबंधातून ती निघाली होती. इतक्या तरुण भाषेचा कर्ता नव्या सोयी बाजूला ठेवून चुकांच्या संदेशांवर एक अख्खी आवृत्ती खर्च करतो, ही निवड मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 0.16 आली आणि तिनेही हेच काम पुढे नेले.

हीच बेरजेची चूक हास्केल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत करून पाहावी. तिथला प्रमुख कंपायलर जीएचसी सांगतो की बेरजेच्या वापरामुळे ‘नम’ या टाइपक्लासचे अक्षरांच्या यादीसाठीचे इन्स्टन्स लागते आणि ते सापडत नाही. नवशिक्याने फक्त दोन शब्द जोडले होते; त्याच्या पुढ्यात टाइपक्लास, इन्स्टन्स आणि अक्षरांची यादी अशा तीन कल्पना एकदम येतात. पण जीएचसीला इथे दोष देणे अन्यायाचे होईल. हास्केलमध्ये टाइपक्लासमुळे कोणालाही आपल्या टाइपसाठी बेरीज नव्याने ठरवता येते. म्हणून ‘बेरीज फक्त संख्यांची होते’ असे त्या कंपायलरने म्हटले तर ते खोटे ठरेल. तो जेवढे खरे आहे तेवढेच बोलतो. एल्ममध्ये टाइपक्लास नाहीत. बेरीज दोनच प्रकारच्या संख्यांची होते, आणि ही यादी वापरणाऱ्याला वाढवता येत नाही. एल्मचा संदेश इतका मोकळा आणि नेमका होऊ शकतो, कारण तिने शक्यताच कमी ठेवल्या आहेत. संदेशाच्या सुबोधपणाची किंमत भाषेने आपल्या ताकदीतून मोजली आहे, आणि एल्मचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

आता या गद्याचा गाभा. टाइप असलेल्या बहुतेक फंक्शनल भाषांमध्ये प्रोग्रॅमरने टाइप लिहिले नाहीत तरी चालते. कंपायलर ते स्वतः ताडतो. ही युक्ती रॉबिन मिल्नर यांनी एडिंबरा येथे एमएल भाषेसाठी घडवली आणि 1978 च्या निबंधात मांडली. तर्कशास्त्राच्या अंगाने रॉजर हिंडली 1969 मध्येच तिथवर पोहोचले होते. कंपायलर प्रत्येक पदासाठी एक अज्ञात धरतो आणि वापरावरून समीकरणे मांडत जातो. हे संख्या मागणाऱ्या फंक्शनला दिले आहे, म्हणजे ही संख्या असली पाहिजे. ते नावाशी जोडले आहे, म्हणजे ते स्ट्रिंग असले पाहिजे. समीकरणे सुटली तर प्रोग्रॅम सुसंगत. दोन समीकरणे एकमेकांना पटेनाशी झाली तर विसंगती. विसंगती आहे हे यंत्राला पक्के कळते. पण तिचे मूळ कुठे आहे ते त्याला कळू शकत नाही. वर संख्या लिहिली ती चूक, की खाली स्ट्रिंग मागितली ती चूक? याचे उत्तर लिहिणाऱ्याच्या हेतूत असते आणि हेतू फाइलमध्ये नसतो. मिचेल वँड यांनी 1986 मध्ये टाइपच्या चुकीचा उगम शोधण्यावर निबंध लिहिला. उट्रेख्ट विद्यापीठात विद्यार्थ्यांना हास्केल शिकवण्यासाठी बनलेल्या हेलियम या कंपायलरचा सगळा रोख याच अडचणीवर होता. पुढे या प्रश्नावर संशोधन होतच राहिले आहे, आणि त्याचे संपूर्ण उत्तर निघणार नाही, कारण विचारलेली गोष्ट मुळात फाइलच्या बाहेर आहे.

एल्मच्या संदेशांचे सौंदर्य मला इथे दिसते. आपल्याला काय कळले आणि काय कळले नाही याची सीमा ते वाक्यावाक्यात पाळतात.

उदाहरणार्थ, एका यादीत पहिल्या दोन जागी संख्या आहेत आणि तिसऱ्या जागी शब्द. एल्मचा संदेश म्हणतो, या यादीतला तिसरा घटक आधीच्या सर्व घटकांशी जुळत नाही. पुढे तिसरा घटक कोणत्या टाइपचा आहे ते, आणि आधीचे सगळे कोणत्या टाइपचे आहेत ते, असे समोरासमोर मांडतो. ‘तिसरा घटक चुकीचा आहे’ असे तो म्हणत नाही. कंपायलर यादी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून बोट तिसऱ्यावर पडले. कदाचित लिहिणाऱ्याला सगळे शब्दच हवे असतील आणि पहिले दोन घटक चुकले असतील. ‘आधीच्या सर्वांशी जुळत नाही’ या शब्दांत ती शक्यता जिवंत राहते. त्याखालच्या सूचनेत नियमामागचे कारणही येते : यादीतले सगळे एकाच टाइपचे असले की यादीवरून फंक्शन फिरवताना मध्येच अनपेक्षित काही समोर येत नाही. संदेश नियम सांगतो, आणि तो नियम कोणाच्या भल्यासाठी आहे तेही सांगतो.

हे केवळ शब्दांच्या निवडीने साधत नाही. आत समीकरण मांडतानाच कंपायलर प्रत्येकाबरोबर त्याचे कारण टिपून ठेवतो : ही अपेक्षा यादीच्या अमुकाव्या घटकामुळे आली, ही ‘इफ’च्या अटीमुळे, ही अमुक फंक्शनच्या पहिल्या आर्ग्युमेंटमुळे, ही प्रोग्रॅमरने वर स्वतः लिहिलेल्या टाइपमुळे. विसंगती सापडली की ते टिपण हाताशी असते. म्हणून वाक्यात ‘दुसरी फांदी’, ‘पहिले आर्ग्युमेंट’ असे नेमके शब्द येतात. लिहिलेला टाइप आणि त्याखालची व्याख्या जुळली नाही तर संदेश इतकेच म्हणतो की या व्याख्येत काहीतरी बिनसले आहे, आणि दोन्ही बाजू दाखवतो. कोणती बाजू खरी, हे ठरवण्याचा अधिकार तो लिहिणाऱ्याकडे ठेवतो. चांगल्या वाक्यामागे चांगली नोंद असते, हे पत्रकाराला आणि इतिहासकाराला ठाऊक असते. इथे ते यंत्राच्या रचनेतच उतरलेले दिसते.

आणि मग तो ‘मी’. एल्मचा कंपायलर प्रथमपुरुषी बोलतो. मला हे नाव सापडत नाही. पण ही नावे त्याच्या जवळची वाटतात. मी ‘लेट’ वाचत होतो, तो इथे अडलो. मला इथे टॅब आढळला, एल्मच्या फाइलमध्ये टॅब चालत नाही. यंत्राला माणसाचा आवाज देण्याची हौस म्हणून हे केले असते तर दोन दिवसांत त्याचा कंटाळा आला असता. इथे ‘मी’ला काम आहे. ‘हे नाव अस्तित्वात नाही’ हा निवाडा झाला. ‘मला सापडत नाही’ ही वस्तुस्थिती आहे, कारण नाव कदाचित दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल आणि ते इम्पोर्ट करायचे राहिले असेल. ‘इथे चूक आहे’ हेही अनेकदा खोटे ठरते, कारण न मिटलेला कंस वर कुठेतरी असतो आणि कंपायलर खाली येऊन अडतो. ‘मी इथे अडलो’ मात्र प्रत्येक वेळी खरे असते. वाक्याचा कर्ता बदलला की विधान पडताळता येण्याजोगे होते, आणि वाचकावर आरोप उरत नाही. सौजन्य आणि अचूकता एकाच शब्दात आलेली आहेत.

एका जागी हा ‘मी’ विलक्षण रुंदावतो. ‘केस’मध्ये सगळ्या शक्यता हाताळल्या नसतील, समजा मूल्य असेल ती शक्यता लिहिली आणि मूल्य नसेल ती, म्हणजे ‘नथिंग’, राहून गेली, तर संदेश राहिलेल्या शक्यता मांडतो आणि पुढे म्हणतो : यांतली एखादी समोर आली तर मला कोसळावे लागेल, त्यांच्यासाठी फांद्या जोडा. काटेकोरपणे पाहिले तर कोसळणार तो कंपायलर नव्हे. कोसळेल तो तयार झालेला प्रोग्रॅम, आणखी काही महिन्यांनी, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या ब्राउझरमध्ये. पण इथे कंपायलर त्या भविष्यातल्या प्रोग्रॅमच्या वतीने बोलतो. मला हे वाक्य या सगळ्या संग्रहातले सर्वांत सुंदर वाटते. आज टेबलाशी बसलेला प्रोग्रॅमर आणि उद्या पडदा पांढरा पडलेला पाहणारा तो अनोळखी माणूस, यांच्यामध्ये ते वाक्य उभे आहे. शक्यता राहिल्या तर प्रोग्रॅम तयारच करायचा नाही हा नियम कठोर आहे. तो ऐकवण्याचा सूर मात्र विनंतीचा आहे.

इतक्या चोख गद्यात लेखकाची मते डोकावतात का? डोकावतात, आणि मला ती आवडतात. दुसऱ्या भाषांमधून येणारे लोक ‘समान नाही’साठी != लिहितात. एल्ममध्ये ते चिन्ह /= असे आहे. संदेश ते सांगतो आणि खाली एक टीप जोडतो : आमचे चिन्ह गणितातल्या खऱ्या ≠ सारखे दिसावे असा हेतू आहे, आणि ते दुसरे चिन्ह म्हणजे एक विचित्र, तात्पुरती निवड होती असे इतिहास लक्षात ठेवील अशी मला आशा आहे. ज्याची घाई आहे त्याला या टिपेची गरज नाही. पण तिच्यामुळे कळते की नियमांमागे एक माणूस बसला आहे, त्याने निवड केली आहे, आणि ती समजावून सांगायची त्याची तयारी आहे.

हे गद्य एकट्याने लिहिलेले नाही, हे आता सांगायला हवे. 0.15.1 च्या काळातच एक सार्वजनिक संग्रह उघडला गेला : मोडलेल्या एल्म प्रोग्रॅमांची सूची. ज्याला ज्या संदेशाने गोंधळात टाकले त्याने तो संदेश आणि तो उमटवणारा छोटासा प्रोग्रॅम तिथे आणून ठेवायचा. छोटासा यावर भर असे. ज्यातून अनावश्यक सगळे काढून टाकले आहे, जो स्वतंत्रपणे चालवून पाहता येतो आणि तरी तीच अडचण दाखवतो, असा. हे काम वरवर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात चारशे ओळींतून नेमक्या सहा ओळी उरेपर्यंत छाटत जाणे ही निदानाची अर्धी वाट असते, आणि अनेकांना छाटता छाटताच आपले उत्तर सापडते. ज्यांना सापडले नाही त्यांचे गोंधळ संग्रहात जमत गेले. मग ते सारे एकत्र वाचून संदेशांचे पुनर्लेखन होई. सुट्या तक्रारीला सुटे उत्तर देण्यापेक्षा अनेक गोंधळ शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळते, लोक कोणत्या शब्दापाशी थबकतात. संख्या किंवा यादी ‘इफ’च्या अटीत ठेवली तर एल्म सांगते की इथे मूल्यांचे आपोआप खरे-खोटे होत नाही, ते रूपांतर स्वतः करा. ही सूचना जावास्क्रिप्टमधून आलेल्या माणसाची सवय ओळखून लिहिलेली आहे. या गद्याचे वाचकच त्याचे संपादक होते.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये 0.19.1 आली, तिचे लक्ष वाक्यरचनेच्या चुकांवर होते : सुटलेला स्वल्पविराम, न मिटलेला कंस, चुकलेले इंडेंटेशन. या चुका तज्ज्ञाला क्षुल्लक वाटतात. पण भाषा शिकू पाहणारा पहिल्याच तासाला याच कड्यावरून खाली पडतो आणि अनेकदा परत येत नाही. आपल्याकडे मराठी माध्यमातून संगणकशास्त्राकडे आलेल्या विद्यार्थ्याचा या तासातला ताण दुहेरी असतो, कारण संदेशही इंग्रजीत असतो. एल्मचे संदेशही इंग्रजीतच आहेत. पण वाक्ये आखूड आहेत, रोजच्या शब्दांतली आहेत, आणि वाक्याबरोबर लाल खूण आहे; अर्धे शब्द कळले तरी वाट सापडते.

एक गंभीर आक्षेप इथे घ्यायला हवा, आणि तो याच परंपरेच्या आतून आला आहे. रॅकेट ही लिस्प कुळातली, शिकवण्यासाठी फार विचाराने घडवलेली भाषा. गियोम मार्सो, कॅथी फिसलर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी 2011 मध्ये नवशिके विद्यार्थी तिचे एरर मेसेज कसे वाचतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळजीपूर्वक लिहिलेल्या संदेशांतलेही अनेक पारिभाषिक शब्द विद्यार्थ्यांना नीट कळत नव्हते, असे त्यांना आढळले. त्यांच्या शिफारशींमध्ये एक अशी होती की संदेशाने उपाय सुचवू नये. कारण तोच संदेश वेगवेगळ्या चुकांतून उमटतो, सुचवलेला उपाय त्यांतल्या काहींनाच लागू पडतो, आणि गोंधळलेला विद्यार्थी सूचना आज्ञा समजून पाळतो.

एल्मच्या ‘सूचना’ या भागावर हा आक्षेप सरळ येऊन आदळतो. मला तो निम्मा मान्य आहे. दोन स्ट्रिंगच्या मध्ये + आला तर ++ सुचवण्यात धोका जवळपास नाही. नावाचे स्पेलिंग चुकल्यावर जवळची नावे दाखवण्यातही नाही, कारण तिथे एकच उत्तर पुढे न करता काही नावे वाचकापुढे ठेवली जातात. पण पूर्णांक आणि दशांश संख्या एकत्र आल्यावर रूपांतराचे फंक्शन सुचवले की नवशिका ते लावून मोकळा होतो, आणि मुळात तिथे पूर्णांक का आला हा प्रश्न विचारत नाही. एल्मने सूचना वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाखाली, वस्तुस्थिती सांगून झाल्यावर ठेवली, यातून ही जाण दिसते. तरीही जिथे कंपायलरला उपाय ठाऊक नाही, फक्त शक्य वाटतो, तिथे काही सूचना त्याच ठाम सुरात बोलतात. बाकी संग्रहाने पाळलेली सीमा तिथे ओलांडली जाते, आणि या गद्याचा तेवढा भाग मला कच्चा वाटतो.

कच्चेपणा भाषेच्या कारभारातही राहिला. 2018 च्या 0.19 ने स्वतःची चिन्हे बनवण्याची मुभा काढून घेतली आणि जावास्क्रिप्टला थेट हात घालण्याची वाट सर्वसामान्य प्रोग्रॅमसाठी बंद केली. ज्यांची कामे त्यावर उभी होती ते दुखावले. काहींनी भाषा सोडली. संदेशांच्या बाबतीत जितके ऐकून घेतले गेले तितके या निर्णयांत ऐकले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते.

तरी या गद्याचे वंशज दूरवर पसरले. रस्ट या भाषेने 2016 मध्ये आपल्या चुकांच्या संदेशांची मांडणी बदलली, तेव्हा एल्मचे ऋण नाव घेऊन मान्य केले. हास्केलच्या जगातही हालचाल झाली. 2023 च्या जीएचसी 9.6 पासून संदेशांना क्रमांक मिळाले. टाइप न जुळण्याच्या नेहमीच्या चुकीचा क्रमांक 83865 आहे. त्या क्रमांकांवरून चुकांचे अर्थ, मोडलेली उदाहरणे आणि दुरुस्त रूपे सांगणारी सूची तिथल्या समुदायाने तयार केली. वाट वेगळी आहे : संदेश त्रोटक राहतो, आणि सविस्तर विवेचन अनेकांनी मिळून बाहेर लिहिलेले असते. हास्केलसारख्या विस्तीर्ण भाषेला हीच वाट योग्य आहे असे मला वाटते.

एल्मच्या कंपायलरचा स्रोत खुला आहे. त्यातल्या ‘रिपोर्टिंग’ या फोल्डरमध्ये ‘एरर’ नावाचा फोल्डर आहे आणि हे सगळे गद्य तिथे ठेवले आहे. भोवतीचा कोड हास्केलमध्ये आहे, पण अवतरणचिन्हांतली वाक्ये साध्या इंग्रजीत आहेत, ती वाचायला हास्केल यावे लागत नाही. ज्यांना प्रोग्रॅमिंगमध्ये रस आहे त्यांनी, आणि ज्यांना केवळ नेमक्या लिहिण्यात रस आहे त्यांनीही, ती वाचावीत. सुरुवात ‘टाइप’ या फाइलपासून करा. ‘सिंटॅक्स’ ही फाइल सर्वांत मोठी आहे, तिला सवड काढून बसावे लागेल.